रेझिस्टन्स शून्य, मग मॅग्नेट तापतो कशाने?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका रिवाइंडिंगवाल्या भावाचा आहे. थोडक्यात असा: "जिनिव्हाच्या मोठ्या मशीनमधले मॅग्नेट म्हणजे तारेची कॉइलच, आणि म्हणे त्या तारेला रेझिस्टन्सच नाही. रेझिस्टन्स नाही तर तार तापणार नाही, तापली नाही तर जळणार नाही. मग एकेक मॅग्नेट गार करून टेस्ट काऊन करतात? आणि पहिल्या टेस्टला जो कमी करंटवर बसतो तोच दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पास होतो, हे कसं? आमची मोटर तर एकदा जळाली की जळाली. आणि आयटीआय केलेल्या माणसाला या कामात जागा आहे का?"

मी पुसदकडचा. नोकरीची बहुतेक वर्षं सुपरकंडक्टिंग, म्हणजे रेझिस्टन्स नसलेल्या, कॉइल गुंडाळण्यात आणि त्यांच्या चाचण्यांत गेली, आधी इंदूरला, मधे काही काळ सर्नच्या, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या, टेस्ट हॉलमध्ये. भाऊ, तुमचा प्रश्न अगदी नेमक्या जागी बोट ठेवतो, म्हणून उत्तर लांबलं तरी सविस्तर लिहितो.

"तापणार नाही" हेच तिथे गृहीत धरता येत नाही. शून्य रेझिस्टन्स ही तारेची कायमची सवय नाही, अटींवर मिळालेली सूट आहे. अटी तीन: तापमान, चुंबकीय क्षेत्र आणि करंट. तिन्ही एकमेकांत गुंतलेल्या. निओबियम-टायटॅनियमचा मिश्रधातू क्षेत्र नसताना ९.२ केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतो. त्याच्यावर क्षेत्र आणि करंट चढवत गेलं की ती मर्यादा खाली सरकत येते. सर्नचं मशीन म्हणजे अणूहून बारीक कण गोल फिरवून एकमेकांवर आदळवणारं, जमिनीखालच्या बोगद्यातलं २७ किलोमीटरचं वर्तुळ. त्यात कणांची वाट वळवणारे १,२३२ मुख्य डायपोल, म्हणजे दोन ध्रुवांचे, मॅग्नेट आहेत. पूर्ण क्षमतेला त्यांचं क्षेत्र ८.३३ टेस्ला, करंट ११,८५० ॲम्पिअर आणि हेलियमचं तापमान १.९ केल्विन, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सिअस. या स्थितीत तार सुपरकंडक्टर राहायला हातात उरतो साधारण दीड केल्विन. तेवढी तापली की सूट संपली.

तुम्ही म्हणाल, दीड अंश काही कमी नाही. इथेच थंडीचा खरा त्रास आहे. पदार्थ जितका गार, तितकी त्याची उष्णता पोटात घेण्याची ताकद कमी. घरातल्या तापमानाला एक किलो तांबं एक अंशाने तापवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढ्या ऊर्जेत दोन केल्विनचं तांबं एक अंशाने तापतं. कॉइलमधली एखादी तार दहा-वीस मायक्रॉन सरकली आणि शेजारच्या तारेला घासली, तर त्या घर्षणाची उष्णता पुरते. केसाची जाडी सत्तर-ऐंशी मायक्रॉन धरा, म्हणजे किती हालचालीची गोष्ट चालली आहे ते कळेल.

आता ती तार सरकायला काय जोर लागतो ते पाहा. क्षेत्र गुणिले करंट, हा हिशोब तुम्हाला ठाऊक आहे. ८.३३ गुणिले ११,८५०: एका मीटर केबलवर जवळपास ९९ हजार न्यूटन, म्हणजे दहा टनांचा रेटा. हा झाला फक्त एका वेढ्याचा, तोही जिथे क्षेत्र पूर्ण आहे तिथला. असे वेढे अनेक, आणि मॅग्नेट पंधरा मीटर लांब. सगळे वेढे मिळून कॉइलला आडवी फाडायला बघतात. म्हणून या कामाचं नाव विजेचं असलं तरी खरं काम मेकॅनिकल आहे: तारेला हलू द्यायचं नाही. मी शिकायला लागलो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी आधी प्रेस आणि मायक्रोमीटर हातात दिला, मीटर नंतर. ते बरोबरच होतं, हे मला आजही वाटतं.

तारेपासून सुरू करू. तुमच्या मोटरची तार एकच भरीव तांबं. इथली एक तार साधारण एक मिलिमीटर जाडीची, पण तिच्या तांब्याच्या पोटात निओबियम-टायटॅनियमचे आठ-नऊ हजार तंतू असतात, प्रत्येक सात मायक्रॉनचा. एकच जाड तंतू घेतला तर त्यात चुंबकीय क्षेत्र अचानक उड्या मारत घुसतं आणि तेवढ्या धक्क्यानेच तो तापतो, म्हणून तंतू बारीक करावे लागतात. अशा २८ तारा पिळून, दाबून एक चपटी केबल करतात: पंधरा मिलिमीटर रुंद, दोनहून थोडी कमी जाड, आणि एका कडेला किंचित पातळ, म्हणजे कमानीच्या विटांसारखी ती गोल भोकाभोवती बसते. बाहेरच्या थरासाठी ३६ बारीक तारांची वेगळी केबल असते. आणि तांबं? ते तंतूंना धरून ठेवायला आहेच, पण त्याचं मोठं काम अडचणीच्या वेळी आहे. तंतूंनी सुपरकंडक्टिंग अवस्था सोडली की त्यांचा रेझिस्टन्स तांब्याच्या कितीतरी पट होतो. तेव्हा करंट तांब्यातून वाट काढतो. तांबं नसतं तर ती जागा क्षणात वितळली असती.

केबलवर इन्सुलेशन पॉलिइमाइडच्या पट्टीचं. सबमर्सिबलच्या पॉली वायरवर जशी फिल्म अर्ध्यावर अर्धी चढवत गुंडाळलेली असते, तशीच ही चढते. फरक असा की सर्नच्या मुख्य मॅग्नेटमध्ये या पट्ट्यांतून हेलियमला वाट मिळावी अशी रचना मुद्दाम करतात. २.१७ केल्विनच्या खाली हेलियम सुपरफ्लुइड होतं, त्याला चिकटपणा जवळजवळ राहत नाही, बारीक फटीतूनही ते शिरतं आणि तांब्यापेक्षा किती तरी चांगली उष्णता वाहून नेतं. इन्सुलेशन एकीकडे हजारो व्होल्टच्या चाचणीला टिकलं पाहिजे आणि दुसरीकडे त्यातून द्रव पाझरलाही पाहिजे. या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

गुंडाळणी सरळ भागात सोपी असते. कस लागतो टोकांना. डायपोलची कॉइल खोगिरासारखी असते: दोन लांब सरळ बाजू, आणि टोकाला केबल नळीवरून वळून परत येते. तिथे चपटी केबल एकाच वेळी वाकते आणि पिळतेही. ताण कमी पडला की आतली तार वर उचलली जाते, जास्त झाला की केबलचा पीळ सुटतो. अंगठ्याने दाबून धरायचं, टोकाचा ठोकळा बसवायचा, ताण पाहायचा, मग पुढचा वेढा. यंत्र ताण धरतं, पण वेढा नीट बसला की नाही हे हाताला आधी कळतं. तुमच्या दुकानात ज्याच्या कॉइलचं डोकं आटोपशीर बसतं त्या कारागिराला हे पटकन समजेल. पुढे बऱ्याच मॅग्नेटमध्ये पहिला क्वेंच, म्हणजे तार अचानक सुपरकंडक्टर राहायची थांबणं, या टोकांपाशीच सुरू होतो.

गुंडाळल्यावर कॉइल साच्यात दाबून दोनशे अंशांच्या आसपास भाजतात. पट्टीवरचा चिकट थर वेढ्यांना एकमेकांशी धरतो आणि कॉइलचा आकार पक्का होतो. मापात पंचवीस-तीस मायक्रॉनचा फरकही खपत नाही, कारण कॉइलची जागा म्हणजेच क्षेत्राचा आकार. मग स्टीलच्या कॉलरच्या शेकडो पातळ पट्ट्या दोन्ही बाजूंनी प्रेसखाली बसवतात. हे स्टील चुंबक न धरणारं. कॉइलवर चौरस सेंटिमीटरला शेकडो किलोंचा दाब येतो. एवढा कशाला? कारण गार झाल्यावर सगळं आकसतं, आणि कॉइल कॉलरपेक्षा जास्त आकसते. गरम असताना दिलेला बराचसा दाब तिथेच उतरतो. पूर्ण करंटला कॉइलने कॉलरचा आधार सोडू नये, एवढा उरला पाहिजे. पंधरा मीटरचा मॅग्नेट खोलीच्या तापमानापासून १.९ केल्विनपर्यंत येताना साडेचार सेंटिमीटरने आखूड होतो. दोन मॅग्नेटमधल्या सांध्यात भात्यासारख्या लवचिक नळ्या ठेवतात त्या याचसाठी.

आपल्याकडे हे काम झालेलं आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डायपोलच्या टोकांशी क्षेत्रातल्या बारीक चुका दुरुस्त करणारे छोटे सुपरकंडक्टिंग मॅग्नेट लागतात. त्यातले १,१४६ सेक्स्टुपोल आणि ६१६ डेकापोल-ऑक्टुपोल इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या देखरेखीखाली भारतात तयार झाले आणि सर्नला बसले. त्यांत बाहेरून ॲल्युमिनियमची कडी असते. ॲल्युमिनियम आतल्या भागांपेक्षा जास्त आकसतं, म्हणून गार झालं की कॉइल आणखी आवळली जाते. डायपोलमध्ये थंडी दाब सोडवते, इथे तीच थंडी दाब देते. कोलकात्याच्या व्हीईसीसी या अणुऊर्जा विभागाच्या केंद्रातल्या सुपरकंडक्टिंग सायक्लोट्रॉनची, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्राची, मोठी कॉइलही कोलकात्यातच गुंडाळली, आणि तो मॅग्नेट २००५ मध्ये गार करून चालवला.

आता टेस्ट. मॅग्नेट थंड करायच्या आधीच्या चाचण्या तुमच्या ओळखीच्या आहेत: रेझिस्टन्स, इंडक्टन्स, जमिनीशी इन्सुलेशन, वेढ्या-वेढ्यांमधला शॉर्ट पकडायला इम्पल्स टेस्ट. त्यासोबत थोडा करंट सोडून, मधल्या नळीत फिरणारी छोटी कॉइल घालून क्षेत्राचा आकार मोजतात. दहा हजारात एक भाग इतकी चूकही नोंदली जाते. एखादा ठोकळा चुकीचा बसलेला असेल तर तो इथेच सापडतो.

मग थंडी. हेलियम ४.२ केल्विनला उकळतं. त्याच्यावरचा दाब पंपाने वातावरणाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास आणला की तापमान १.९ पर्यंत उतरतं. मग करंट सावकाश चढवायचा. सेकंदाला दहा ॲम्पिअरने गेलं तर पूर्ण करंटला वीस मिनिटं लागतात. कंट्रोल रूममध्ये त्या वेळात फारसं कोणी बोलत नाही. सगळ्यांची नजर एका व्होल्टेजवर असते. करंट चढत असताना कॉइलवर इंडक्टन्समुळे जवळपास एक व्होल्ट येतोच, आणि क्वेंचची खूण असते त्याच्या दहाव्या भागाची. ती कशी ओळखायची? कॉइलचे दोन अर्धे भाग एकमेकांशी तोलायचे. इंडक्टन्सचं व्होल्टेज दोन्हीकडे सारखं, ते वजा होतं. उरतो तो फक्त नव्याने जन्मलेला रेझिस्टन्स. फरक १०० मिलिव्होल्टच्या वर गेला आणि १० मिलिसेकंद टिकला, की यंत्रणा क्वेंच ठरवते.

पुढचं ऐकून नवीन माणूस चक्रावतो. मॅग्नेट वाचवायला आपण त्याला मुद्दाम सगळीकडून तापवतो. डायपोलमध्ये पूर्ण करंटला साठलेली ऊर्जा सुमारे ७० लाख ज्यूल. विजेच्या बिलात ही जेमतेम दोन युनिटं होतात, वावरातला पाच एचपीचा पंप अर्धा तास चालेल एवढी. पण इथे ती एका सेकंदाच्या आत बाहेर पडते. जिथे क्वेंच सुरू झाला त्या बोटभर जागेतच ती सगळी जिरली तर तिथली केबल वितळेल. म्हणून कॉइल आणि कॉलर यांच्या मधे स्टीलच्या पातळ पट्ट्या, म्हणजे क्वेंच हीटर, बसवलेल्या असतात. ९०० व्होल्टला भरलेले कपॅसिटर त्यांत रिकामे होतात आणि कॉइलचा मोठा भाग एकदम सुपरकंडक्टिंग अवस्था सोडतो. तीच ऊर्जा आता पंधरा मीटरभर वाटली जाते. सगळ्यात तापलेली जागाही आपल्या घरातल्या तापमानाच्या जवळपासच थांबते. बोगद्यात १५४ डायपोल एका माळेत जोडलेले, म्हणून प्रत्येकाला एक डायोडही दिलेला असतो. शेजाऱ्यांचा करंट क्वेंच झालेल्या मॅग्नेटला वळसा घालून त्यातून जातो. हीटरचे वीजपुरवठा संचही हजारोंच्या संख्येने भारतातून गेले.

हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा अर्धा भाग झाला. क्वेंच म्हणजे जळणं नाही. संरक्षण नीट असेल तर मॅग्नेट क्वेंच होतो, हेलियम उकळतं, व्हॉल्व्ह उघडतात, काही तासांत पुन्हा थंड होतो, बस. तुमच्या मोटरमध्ये जळतं ते इन्सुलेशन, आणि ते परत येत नाही. इथे इन्सुलेशनला धक्काच लागलेला नसतो.

उरलेला अर्धा भाग म्हणजे ट्रेनिंग. पहिल्यांदा करंट चढताना एखादी तार जिथे थोडी मोकळी होती तिथून सरकते, घासते, क्वेंच. पण ती आता जोराने जिथे ढकलली गेली तिथेच बसली. पुढच्या वेळी त्या करंटला ती हलणार नाही. मग अजून वरच्या करंटला दुसरी एखादी सरकेल, किंवा डिंकाचा एखादा कण तडकेल. असं करत मॅग्नेट वर चढत जातो. चांगला मॅग्नेट एक-दोन क्वेंचमध्ये ठरलेला करंट गाठतो. आलेख वर जाण्याऐवजी एकाच जागी अडकला तर समजायचं की तिथे केबललाच इजा आहे किंवा जोड खराब आहे. खाली घसरायला लागला तर लगेच थांबवून उघडायचा. माझं पक्कं मत आहे की मॅग्नेट प्रेसखाली पूर्ण होत नाही, टेस्ट बेंचवर पूर्ण होतो. म्हणूनच सर्नने सगळेच्या सगळे १,२३२ डायपोल जमिनीवर थंड करून पारखले, नमुन्यादाखल काही नाही. त्या हॉलमध्ये अणुऊर्जा विभागाचे भारतीय इंजिनिअर-तंत्रज्ञ आळीपाळीने येत राहिले, आणि त्या बेंचांचं बरंच काम त्यांनी ओढलं. हे शिकलेलं मॅग्नेट बरंचसं लक्षात ठेवतो, पण सगळं नाही. गरम करून पुन्हा थंड केला, बोगद्यात बसवला, की काही क्वेंच परत द्यावे लागतात. २०२२ मध्ये ६.८ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट एवढ्या कणांच्या ऊर्जेला चालायच्या आधी तिथे असे शेकडो क्वेंच घ्यावे लागले.

आता जोड. रिवाइंडिंगमध्ये मुलगा शिकायला आला की त्याला पहिलं काम जोडांचं मिळतं, आणि मला वाटतं जगातल्या सगळ्या मॅग्नेटवाल्यांनी यावर विचार करावा. दोन मॅग्नेटमधल्या केबल एकमेकींवर ठेवून कथील-चांदीच्या सोल्डरने जोडतात. चांगल्या जोडाचा रेझिस्टन्स ०.३ नॅनो-ओहम. १९ सप्टेंबर २००८ रोजी मशीन सुरू होऊन नऊच दिवस झाले होते. एका भागात करंट चढवताना सुमारे ८,७०० ॲम्पिअरला एक जोड गेला. नंतरच्या तपासात त्याचा रेझिस्टन्स २२० नॅनो-ओहमच्या आसपास असावा असा अंदाज निघाला. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स करून पाहा, सोळा-सतरा वॅट येतात. झीरोच्या एका बल्बएवढे. चांगल्या जोडात याच करंटला एका वॅटचा चाळिसावा भागही होत नाही. सोळा वॅटने तो जोड सुटला, आर्क पडला, हेलियमच्या भांड्याला भोक पडलं, काही टन हेलियम बोगद्यात सुटलं आणि त्याच्या दाबाने टनावारी वजनाचे मॅग्नेट पायथ्यावरून सरकले. ५३ मॅग्नेट वर आणावे लागले. बीम, म्हणजे कणांचा झोत, परत फिरला तो नोव्हेंबर २००९ मध्ये. मॅग्नेट सगळे टेस्ट झालेले होते. पण दोन मॅग्नेटमधला जोड बोगद्यात केलेला, तो टेस्ट बेंचवर कधी आलाच नव्हता.

पुढची पिढी निओबियम-टिनची. याने अकरा टेस्ला आणि वरची क्षेत्रं मिळतात, म्हणून सर्नच्या नव्या टप्प्यात टक्कर-बिंदूंजवळ असे क्वाड्रुपोल, म्हणजे झोत बारीक एकवटणारे चार ध्रुवांचे मॅग्नेट, घेतले आहेत. पण हा पदार्थ ठिसूळ. म्हणून आधी कच्च्या धातूंची केबल गुंडाळतात, मग अख्खी कॉइल ६५० अंशांच्या आसपास कित्येक दिवस भट्टीत ठेवतात. तिथे तो पदार्थ कॉइलच्या आतच तयार होतो. एवढ्या तापमानाला पॉलिइमाइड टिकत नाही, काचेच्या धाग्याचं आवरण लागतं, आणि नंतर व्हॅक्यूममध्ये इपॉक्सी भरतात. भट्टीतून निघालेली कॉइल उचलताना वाकली की संपली.

जागेबद्दल. आयटीआय, डिप्लोमा, बारावी विज्ञान झालेल्यांसाठी अणुऊर्जा विभागाच्या इंदूर आणि मुंबईच्या केंद्रांत स्टायपेंडवर प्रशिक्षणार्थी घेतात. कोणते ट्रेड चालतील हे त्या वेळच्या जाहिरातीत पाहा, अंदाजाने राहू नका. जवळचा दुसरा रस्ता एमआरआयचा. नागपूर-अमरावतीच्या दवाखान्यांतले बहुतेक मोठे एमआरआय म्हणजे द्रव हेलियममध्ये बुडवलेली निओबियम-टायटॅनियमची कॉइलच, आणि त्यांच्या खोलीतून छतावर जाणारी जाड नळी क्वेंचचं हेलियम बाहेर सोडायला असते. ती नळी मोकळी नसेल तर हेलियम खोलीत भरतं आणि श्वासाला ऑक्सिजन उरत नाही. त्या यंत्रांची देखभाल करणारी माणसं लागतातच.

आणि दुकानात बसून करता येईल असं एक काम. हेलियम तुम्हाला मिळणार नाही, पण द्रव नायट्रोजन तुमच्या गावातच आहे: जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा त्यातच ठेवतात. डॉक्टरांना विचारा. त्यांच्या चालू जारला हात लावायचा नाही, नवा नायट्रोजन भरायला येतो तेव्हा एक-दोन लिटर उरतो का बघा. मोकळ्या हवेत, चष्मा लावून, थर्मोकोलच्या डब्यात, झाकण कधीही घट्ट न लावता. २४ गेजची दहा मीटर तार गुंडाळून कॉइल करा. बारा व्होल्टची बॅटरी आणि गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब तिच्या सिरीजमध्ये घ्या. करंटच्या तारा वेगळ्या, आणि मीटरच्या दोन तारा थेट कॉइलच्या टोकांना वेगळ्या लावा. नॅनो-ओहमचे जोडही आम्ही याच पद्धतीने मोजतो. बाहेर असताना मीटर एक व्होल्टच्या थोडं वर दाखवेल. कॉइल हळूहळू बुडवा, उकळी थांबली की परत वाचा. ०.१५ व्होल्टच्या आसपास यायला हवं, कारण तांब्याचा रेझिस्टन्स तिथे सातव्या-आठव्या भागावर उतरतो. मग वार्निश केलेली दुसरी कॉइल बुडवा, बाहेर काढून कोरडी होऊ द्या आणि भिंगाखाली बघा. वार्निश जिथे जाड साचलं असेल तिथे भेगा शोधा, आणि कुठे-कुठे सापडल्या ते मला लिहून पाठवा.